शालनला दिलेली गोळी

"ही गोळी तुमची हाय," शालन म्हणाली.

मी पाण्याचा पेला धरून उभा होतो. "न्हाई गं. लिव्हरचीच हाय. नवीन दिलीय डॉक्टरांनी."

"चार दिस बघती हाय मी. आवो, अकरा वर्सं रोज सकाळी तुमाला ही गोळी मीच काढून देती. लिव्हर गेलंय माझं, डोळं न्हाई."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गोळी गिळून टाकली.

कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जयसिंगने मला मोबाईलवर बातमी दाखवली होती. मधुमेहाची साधी गोळी प्रयोगशाळेत लिव्हरच्या कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखते, असं काही संशोधकांना दिसलं होतं.

"सोपानराव, हीच खाता ना तुमी? औषध घरात, आन् तुमी दवाखाने पालथे घालताय राव!"

माणसांवर अजून सिद्ध झालेलं नाही, असं शेवटी लिहिलं होतं. तेही मी वाचलं. चाकणला गिअरच्या खात्यात मी तपासणीला आहे. ट्रायलचे पाच नग पास झाले म्हणून अख्खा लॉट मी कधी सोडला नाही. त्यावरून सुपरवायझरशी भांडलोय. पण त्याच संध्याकाळी घरी येऊन शालनच्या हातावर गोळी ठेवली. डॉक्टरांनी तिच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला नाही म्हटलं होतं. नुसतं बसून बघत राहणं मला जमेना. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय जादा देईना, म्हणून माझ्यातल्याच तिला दिल्या आणि मी घेणं थांबवलं.

आठव्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. पाणीही पोटात ठरेना, श्वास भरभर चालू लागला. रिक्षाने पिंपरीला हॉस्पिटलमध्ये नेलं. योगिनी मॅडम म्हणून तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी विचारलं, आणखी काय काय दिलंत?

मी तोंड उघडायच्या आत शालन म्हणाली, "मीच खाल्ली. यांची साखरेची. यांना ठावं न्हाई."

"खोटं बोलतीय," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "काका, तो प्रयोग काचेच्या भांड्यातल्या पेशींवरचा आहे. काकूंचं लिव्हर इतकं खराब झालंय, की त्यांना ही गोळी उलट बाधू शकते. ताबडतोब बंद करा."

"अर्धी?"

"अर्धीसुद्धा नाही."

सिस्टरने माझं बोट टोचलं. यंत्रावरचा आकडा बघून ती माझ्याकडे बघतच राहिली.

शालन पडल्या पडल्या म्हणाली, "दोघांना मिळून एकच खाट द्या म्हनावं. जागा वाचंल."

तिला सलाईन लावलं. मला इंजेक्शन दिलं. त्यानंतर ती दोनच दिवस होती. उलट्या माझ्या गोळीने झाल्या की आजाराने, हे मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, नक्की सांगता येणार नाही. मला बरं वाटावं म्हणून तसं म्हणाल्या का, हे मला अजून कळलेलं नाही.

शेवटच्या दुपारी ती जागी होती. द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. तिच्या पायांची नखं वाढलेली दिसली. सिस्टरकडून नेलकटर मागून घेतलं आणि तिचा पाय मांडीवर घेतला. पाय पिवळा पडला होता, सुजला होता. करंगळीपाशी आलो तशी तिने बोटं आखडली.

"हळू. गुदगुल्या व्हत्यात."

मी हळू कापलं. मग दुसरा पाय मांडीवर घेतला.