मंगळीची मशेरीची डबी

मित्रांनो, आधी नाकाला रुमाल लावा. मी एक जुनी पत्र्याची डबी आहे आणि गेली पंचेचाळीस वर्षं माझ्या पोटात मशेरी राहिली आहे. मशेरी म्हणजे तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजून चुरलेली तंबाखू. आमच्या कर्जतच्या डोंगराखालच्या पाड्यांवर कित्येक बायका उठल्या उठल्या तीच बोटावर घेऊन दातांना घासतात. त्याने दात घट्ट होतात म्हणे! आज माझा रंग उडाला आहे, झाकण गंजलं आहे आणि मला माझीच लाज वाटते आहे.

माझी सुरुवात मात्र गोड होती. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्यात पेपरमिंटच्या गोळ्या होत्या आणि झाकणावर लाल गुलाब होता. पोशा नावाचा एक माणूस कशेळ्याच्या बाजारात कंटोळीची रानभाजी विकायला आला होता. त्याने मला आपल्या नऊ वर्षांच्या लेकीसाठी घेतलं. ती लेक म्हणजे मंगळी. मला पाहून ती जी नाचली, तसा आनंद माझ्यामुळे पुन्हा कुणाला झाला नाही. रोज निजताना ती एक गोळी गालात धरायची आणि तशीच झोपून जायची. गोळ्या संपल्या तेव्हा तिची खालची दाढ काळी पडली होती.

मग गाल सुजला. पोर कळवळून रडायला लागली. तिच्या आईने चिमूटभर मशेरी त्या दाढेवर दाबली. "किडा मरंल गं, उगी राहा," ती म्हणाली. तंबाखूने हिरडी बधिर झाली आणि दुखणं दबलं. मंगळी हसली. आईने उरलेली मशेरी रिकाम्या झालेल्या माझ्यात भरली आणि मला लेकीच्या हातात दिलं. दाढेत किडा नव्हताच, मित्रांनो. कीड म्हणतात ती गोडाची आणि न धुतलेल्या तोंडाची. पण हे मला तरी तेव्हा कुठे ठाऊक होतं?

त्यानंतर मी मंगळीच्या कनवटीला बसले ती बसलेच. लग्नात तिच्याबरोबर सासरी गेले. रानात मोळी बांधताना, बांधावर, कशेळ्याच्या जीपमध्ये, सगळीकडे मी होते. कुणी आलं की पाण्याच्या तांब्याआधी मी पुढे व्हायचे. "मंगळीची डबी कवा रिकामी नसते," असं बायका म्हणायच्या आणि मी गुलाबासकट फुलायचे. दिवसातून चार वेळा तिचं बोट माझ्यात बुडायचं. सकाळी दातांसाठी, मग भूक मारायला, मग थकवा घालवायला, शेवटी नुसतं सवय म्हणून. तिचे दात काही घट्ट झाले नाहीत. एकेक करून ते हलले आणि पडले. दशरथ, तिचा मुलगा, एकदा भाजलेले चणे घेऊन आला तेव्हा ती हसून म्हणाली, "चणे हायेत तर दात नाय रं!" सगळे हसले. मीही हसले, निर्लज्जासारखी.

दशरथची मुलगी तेजश्री. आजीची शेपूटच. दुकानातल्या रंगीत गोळ्यांच्या पुड्यांवर तिचा भारी जीव. दोन वर्षांपूर्वी, ती नऊ वर्षांची असताना, तिचीही खालची दाढ ठणकू लागली. मंगळीने काय करावं? जे आईने केलं तेच. माझं झाकण उघडलं आणि नातीच्या दाढेवर मशेरी दाबली. तेजश्रीला आधी गरगरलं, ओकारी आली, मग दुखणं थांबलं. आजीने तिचा मुका घेतला. इतक्या मायेने कुणी कुणाचं वाईट केलेलं मी पाहिलेलं नाही.

त्याच महिन्यात शाळेत दात तपासायला डॉक्टर आल्या. त्यांचं नाव नाजनीन, मूळच्या खोपोलीच्या, दवाखाना कर्जतला. मंगळी नातीला घेऊन गेली, मी अर्थात कनवटीला. डॉक्टरांनी तेजश्रीच्या तोंडात आरसा धरला आणि दशरथला बोलावून घेतलं.

"ही दाढ भरून घ्यावी लागेल. कर्जतला आणा, मी दाताचं सिमेंट भरून देते."

"दुधाची असंल ना, म्याडम? पडंल आपसूक."

"नाही हो. सहाव्या वर्षी येते ती ही पक्की दाढ. ही गेली की परत येत नाही."

मग त्यांनी आजीलाही तोंड उघडायला सांगितलं. मंगळी लाजली, पदर धरला, शेवटी उघडलं. ती जिथे मशेरी दाबून ठेवायची, त्याच गालात आतून एक पांढरा चट्टा होता. डॉक्टरांचा आवाज एकदम खाली आला.

"आजी, हे दुखतं का?"

"नाय गं बाय. कायपन दुखत नाय."

"म्हणूनच सांगते, आत्ताच या. मशेरी आजपासून बंद. पंधरा दिवसांत मला येऊन दाखवा, त्याचा तुकडा तपासायला पाठवू. याल ना?"

मंगळीने मान हलवली. डॉक्टरांनी तेजश्रीला एक ब्रश आणि पेस्टची नळी दिली. सकाळी एकदा घासायचं आणि रात्री जेवल्यावर एकदा, मग गोड काही नाही, असं दोनदा वदवून घेतलं.

परतताना जीपमध्ये दशरथने विचारलं, "आये, जायचं का मग?"

"दुखत नाय तर कशापायी जायचं? लावनी होऊं दे."

लावणी झाली. मग भातकापणी झाली. आमच्याकडे दुखल्याशिवाय कुणी डॉक्टरचं तोंड पाहत नाही आणि तो चट्टा मेला दुखायलाच तयार नव्हता. तेजश्रीने ब्रश पंधरा-वीस दिवस नेमाने वापरला. मग एके दिवशी तो दशरथच्या मोटारसायकलची साखळी साफ करायला गेला आणि नवा कुणी आणला नाही. माझ्यातली मशेरी मात्र एकदाही संपू दिली गेली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात चट्ट्याची जखम झाली. तेव्हा दुखलं. आणि दुखलं म्हणून मंगळीने काय लावलं, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? मीच पुरवली तिला. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. भाकरी चहात भिजवून, मग नुसती पेज. शेवटी तिला नाजनीन डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"आजी, दुखत नव्हतं तेव्हाच यायचं होतं ना हो," एवढंच म्हणाल्या आणि मुंबईच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. मुंबईहून मंगळी भादव्यात परत आली ती मरायलाच.

दहाव्याला ओढ्याकाठी पान मांडलं. भात, भाकरी, सुकट. कावळा समोरच्या ऐनाच्या झाडावर येऊन बसला, पण खाली उतरेना. दशरथने हात जोडले. "आये, पोरीला शिकवीन." कावळा हलला नाही. तेव्हा शेजारची गोदा म्हणाली, "तिची डबी ठिवा रं. तिचा जीव डबीत." मला घरून आणलं, झाकण काढून पानावर ठेवलं आणि कावळा उतरला. सगळ्या बाया हुंदके देत म्हणाल्या, "बगा, जीव मशेरीतच व्हता!"

कावळा सुकटीवर उतरला होता, मित्रांनो. मी पानावर होते, मी पाहिलं. पण माझं कोण ऐकतं? मंगळीच्या मरणातही माझाच मान झाला.

पानावरची वस्तू घरी आणत नाहीत. झाकण लावून त्यांनी मला ओढ्याकाठीच सोडलं तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं. पुढच्या पुरात वाहून जाईन, गाळात रुतेन, सुटेन. पण संध्याकाळ व्हायच्या आत छोटे हात आले. तेजश्रीने मला फ्रॉकला पुसलं, छातीशी धरलं आणि रडली. तिच्या आजीची म्हणून तेवढी मीच उरले होते.

आता मी तिच्या दप्तरात असते. आज मधल्या सुट्टीत ती शाळेमागच्या नळापाशी एकटीच बसली आहे. तिचा गाल सुजला आहे. दाढ भरायला तिला कुणी नेलंच नाही. आधी शेतीच्या कामांत, मग आजीच्या आजारपणात ते राहूनच गेलं. ती माझं झाकण ओढते आहे. आयुष्यभर मी गंजाला शिव्या दिल्या, आज त्याच्या पाया पडते आहे. बाबा, आज तरी घट्ट धर.

झाकण निघालं. तळाशी बोटभर मशेरी उरली आहे. ती एका पोरीला पुरते, मला माहीत आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी तिच्या बाकावर बसत असेल तर आत्ता उठा. नळापाशी जा. तिला ओरडू नका, तिला आजीची आठवण येते आहे. फक्त मला तिच्या हातातून काढून घ्या, ओढ्यात लांब फेकून द्या आणि बाईंना सांगा की तेजश्रीची दाढ दुखते आहे. लवकर जा. तिचं बोट माझ्यात आलं आहे.