आमचंच अंगण वाकडं निघालं

मी एक जुनी छर्रापेटी आहे. मित्रांनो, असलं नाव तुम्ही ऐकलं नसेल, म्हणून आधीच सांगते. एअर रायफलचा नेम शिकताना समोर काळ्या वर्तुळाचं कागदी कार्ड लावतात. ते कार्ड माझ्या तोंडावर असतं. कार्डाला भोक पाडून आलेला शिशाचा छर्रा मी पोटात घेते, म्हणजे तो उडून कोणाच्या डोळ्याला लागत नाही. कौतुक होतं कार्डाचं आणि मार खाते मी. चालायचंच.

मूळची मी उसाच्या ट्रॉलीचा फाळका. उजनीच्या काठावरून कारखान्यापर्यंत उसाच्या मोळ्या मी वर्षानुवर्षं अडवून धरल्या. ट्रॉली भंगारात निघाली आणि सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या वेल्डिंगच्या दुकानात माझे तुकडे झाले. त्या पत्र्यातून आम्ही सहा पेट्या जन्मलो.

अनिलकुमार सर हे निवृत्त क्रीडाशिक्षक. टॉवेलच्या एका बंद कारखान्याचा रंगखाना भाड्याने घेऊन त्यांनी चार वर्षांपूर्वी तिथे नेमबाजीचा वर्ग काढला. राखणीला, झाडलोटीला आणि आमची देखभाल करायला त्यांनी धुळाप्पाला ठेवलं. धुळाप्पा सांगोल्याकडचा. उमेदीची वर्षं त्याने गवंड्याच्या हाताखाली काढलेली. शाळा चौथीपर्यंत, पण हातात अक्कल मोठी.

पहिल्या दिवशी सरांनी माझ्यावर छर्रा झाडला, तो उलटा येऊन त्यांच्याच बुटाजवळ पडला. माझ्या पोटातला पत्रा सरळ उभा होता ना. सर घाबरले. धुळाप्पाने मला उचलून खांद्यावर घेतलं, दुकानात नेलं आणि तो पत्रा पत्र्याच्या छपरासारखा तिरपा बसवून आणला. तेव्हापासून छर्रा आपटतो, चपटा होतो आणि मुकाट्याने खालच्या ताटलीत पडतो. चुकलेल्या छर्‍यांसाठी त्याने आमच्यामागे जुन्या सोलापुरी चादरी दुहेरी टांगल्या. रायफली खाली ठेवल्याशिवाय तो कोणाला आमच्याकडे फिरकू देत नसे. दर शनिवारी आमच्या ताटल्या रिकाम्या करी. शिसं पोटात जाऊ नये म्हणून मुलांचे हात साबणाने धुवून घेई, मगच डबे उघडू देई. असा माणूस मला लाभला, हे माझं भाग्यच.

आम्हाला भिंतीवर टांगलं तेही त्यानेच. सरांनी कागदावर लिहून दिलं होतं, कार्डाचा मध्य जमिनीपासून एक मीटर चाळीस सेंटिमीटर. दुसर्‍या दिवशी उद्घाटन होतं, म्हणून घाई होती. धुळाप्पाने आमच्या खालच्या जमिनीला टेप टेकवला, खुणा केल्या, बोल्ट ठोकले. सहाही पेट्या अगदी एका दोरीत. मग सबंध खोलीत हिरवं जाजम अंथरलं. सरांनी त्याची पाठ थोपटली आणि मीही ताठ झाले.

माझ्यासमोर उभी राहायची ती प्रियंका. मंगळवेढ्याकडे तिच्या वडिलांची, सिद्धाप्पांची मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. ती सोलापुरात आत्याकडे राहून शिकायची. एवढी शांत मुलगी मी दुसरी पाहिली नाही. तिचा छर्रा आला की मला आधी कळायचं, कारण तो कालच्याच जागी लागायचा. वडिलांनी तिला बजावलं होतं की यंदा राज्याच्या संघात निवड झाली तर पुढे शीक, नाहीतर रायफल सरांना परत दे आणि गावी ये.

निवडीच्या चाचण्या दोन, पुण्यात, महिन्याच्या अंतराने. दोन्हींतली चांगली धरायची. पहिल्या चाचणीहून प्रियंका परतली ती पडलेल्या तोंडाने. तिसाव्या छर्‍यानंतर हात भरून आला, सगळे नेम खाली गेले, म्हणाली. तिथलं कार्ड उंच वाटत होतं, असंही ती हळूच म्हणाली. सर आधीच वैतागलेले होते.

"नाचता येईना अंगण वाकडं," ते म्हणाले.

सगळी मुलं हसली. प्रियंका नंतर चार दिवस आलीच नाही. मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात सरांनी कुठेतरी वाचलं की शिशाची धूळ झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. म्हणून चार वर्षांत पहिल्यांदा जाजम गुंडाळलं गेलं. धुळाप्पाने मुलं उभी राहतात तिथे बादली ओतली. पाणी थांबलं नाही. ते सरळ वाहत आलं आणि माझ्या पायाशी तळं साचलं. रंगखान्याची जमीन ती. रंगाचं पाणी निघून जावं म्हणून पूर्वीच्या लोकांनी तिला उतार दिला होता. धुळाप्पा उकिडवा बसून त्या पाण्याकडे बघत राहिला. मग उठून घरी गेला आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन आला. गवंडी लोक भिंतीची पातळी तिनेच बघतात.

तेवढ्यात प्रियंका आली. रायफल परत करायला आली होती. धुळाप्पाने तिच्या हातात नळीचं एक टोक दिलं आणि तिला तिच्या उभं राहायच्या जागी एक मीटर चाळीसच्या खुणेवर धरायला लावलं. दुसरं टोक त्याने माझ्याजवळ आणलं. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत ठरलं. ते माझ्या कार्डाच्या मध्यापेक्षा दहा सेंटिमीटर वर होतं.

म्हणजे चार वर्षं ही मुलं खाली नेम धरायला शिकत होती. पुण्याचं कार्ड उंच नव्हतंच. अंगण खरंच वाकडं होतं, पण ते आमचं.

प्रियंका मनाने मोठी. कोणाला सांगू नका मामा, आपण गुपचूप पेट्या वर घेऊ, असं ती म्हणाली. धुळाप्पाने ते मानलं नाही. रविवारी मुलांचे पालक सभेला आले तेव्हा तो नळी हातात घेऊन पुढे उभा राहिला. नोकरी जाईल अशी भीती त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"हिचा हात चुकला न्हाय, माजं माप चुकलं," तो म्हणाला. "मी पेटीखालनं मापलं. मापायचं हुतं पोरं हुबी र्‍हात्यात तितनं. पाणी कदी खोटं बोलत न्हाय."

मग सर उठले. आपणही चार वर्षांत एकदा टेप लावून बघितला नाही, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले आणि त्या म्हणीबद्दल त्यांनी प्रियंकाची माफी मागितली. धुळाप्पाची नोकरी गेली नाही. त्या रात्री मला त्याचा इतका अभिमान वाटला की बोल्ट सैल होतील की काय असं झालं.

आम्हाला दहा सेंटिमीटर वर टांगलं. पहिला आठवडा प्रियंकाचे नेम मूठभर फुटाणे उधळावेत तसे कार्डभर पसरले. काही तर मागच्या चादरीत गेले. ती रडली, पण आली रोज. हळूहळू छर्रे परत एका जागी यायला लागले. त्यांची ती ओळखीची टकटक ऐकून मला धीर आला.

दुसर्‍या चाचणीहून ती आली तेव्हा धुळाप्पा माझी ताटली रिकामी करत होता. निवड झाली का, हे त्याने विचारलं नाही.

"तितलं कार्ड उंच वाटलं का ग?"

"न्हाय मामा. आपल्याएवढंच होतं."

धुळाप्पाच्या हातातली ताटली कलली आणि छर्रे जमिनीवर सांडले. निवड झाल्याचं तिने त्यानंतर सांगितलं.

मित्रांनो, आता माझा पत्रा झिजला आहे, तिथे खड्डे पडले आहेत. माझी ताटली वेळेवर रिकामी करा, पत्रा सैल झाला तर घट्ट करा, हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका. आणि एखादा म्हणाला की मला जमत नाही, तर हसण्याआधी एकदा त्याच्या पायाखालून मापून बघा. माझ्याखाली भिंतीला जुन्या बोल्टांची भोकं अजून आहेत. सर ती बुजवायला निघाले होते, धुळाप्पाने बुजवू दिली नाहीत. नवीन मुलं ती कसली म्हणून विचारतात, तेव्हा तो नळी काढतो आणि एक टोक त्यांच्या हातात देतो.