हातांचं कडं

जॅकचा लोखंडी दांडा दुसऱ्यांदा उजव्या खांद्यावर बसला, तरी माझ्या नवऱ्याने लॉन्ड्रीतल्या बाईचा हात सोडला नाही. तिचा नवरा एका हाताने तिचे केस धरून तिला दाराकडे ओढत होता आणि दुसऱ्या हाताने दांडा चालवत होता. ट्रकवरचा आडदांड माणूस, त्यात पिऊन आलेला. प्रार्थनेच्या खोलीत आम्ही सगळे कडं करून उभे होतो, आणि पहिला घाव पडला तेव्हा पाळकसाहेबांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

आमच्या चर्चच्या मंडळीची एक रीत आहे. बुधवारच्या संगतीत शेवटची प्रार्थना हातात हात धरून करायची आणि आमेन होईपर्यंत हात सोडायचा नाही. खोकला येवो, नाक खाजो, सोडायचा नाही. डास चावला की माझा विश्वास डळमळतो, असं मी पाळकसाहेबांना गमतीने म्हणायचे. ते हसायचे आणि प्रार्थना तेवढीच लांबवायचे.

माझ्या नवऱ्याला सगळे घण म्हणतात. मोठ्या गाड्यांचे टायर काढायचं त्याचं दुकान. गंजून बसलेला टायर बाकीचे घणाने ठोकतात, हा नुसत्या मुठीने ठोकतो, अशी बाजारात थट्टा चालायची. त्या उजव्या मुठीचा प्रसाद अर्ध्या बाजाराने खाल्ला होता आणि घरी मी. माझे पुढचे दोन दात नकली आहेत. मी कॅज्युअल्टीतली नर्स. दिवसभर दुसऱ्यांच्या बायकांना टाके घालायचे आणि स्वतः मोरीत घसरून पडले म्हणून सांगायचं. तोंडावर अहो आणि मनात अरे, अशी माझी निम्मी जिंदगी गेली.

मग तो प्रभूकडे वळला. मी बरेच दिवस विश्वास ठेवला नाही, पण हात खरोखर थांबला. मंडळीत साक्ष द्यायला उभा राहिला तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "माझा हात एकदा उठला की त्याला थांबायचं कळत नाही. म्हणून विनंती आहे, मला धरून ठेवा." लोकांचे डोळे भरून आले. सर्वांत मनावर घेतलं ते शिंपीणबाईंनी. काडीसारखी विधवा म्हातारी, पण त्या दिवसापासून कड्यात कायम त्याच्या डाव्या हाताला. जणू तिचीच ड्यूटी लागली होती.

लॉन्ड्रीतल्या बाईला मीच आणलं होतं. आमच्याच हॉस्पिटलच्या चादरी धुणारी. जबडा मोडून घेऊन माझ्यासमोर बसली आणि मोरीत घसरले म्हणाली. मला हसू आलं आणि रडूही. ती सासर सोडून शिंपीणबाईंच्या मागच्या खोलीत राहू लागली, बुधवारी आमच्यात येऊ लागली. अशाच एका बुधवारी तिचा नवरा पत्ता काढत आला.

आता ऐका काय झालं. घणाच्या उजव्या हातात तिचा हात. तो सोडला तर ती दारातून फरफटत जाणार. म्हणून त्याचा डावा हात वर आला, मूठ वळली, आणि शिंपीणबाई त्या हाताला दोन्ही हातांनी लोंबकळल्या. "धर म्हणाला होतास ना? धरलाय," एवढंच म्हणाल्या. मार खाणाऱ्याचाच हात धरून ठेवायचा, ही चूक फक्त आमचीच माणसं करू जाणोत. घणाने एक झटका दिला असता तर म्हातारी भिंतीवर आपटली असती. त्याने झटका दिला नाही. तो खाली मान घालून उभा राहिला. त्याच खांद्यावर तिसरा घाव बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

कडं मोडलं ते मी. माझ्या हातांबद्दल कोणी साक्ष दिलेली नव्हती. लोखंडी खुर्ची उचलली आणि त्या माणसाच्या कानशिलावर घातली. तो बाकावर कोसळला, पुन्हा उठू लागला, मी पुन्हा घातली. रक्ताने माझी बाही भिजली. मग बाकीच्यांना जाग आली आणि पोलीस येईपर्यंत पुरुषमाणसं त्याच्या अंगावर बसून राहिली.

घण गुडघ्यांवर बसला होता. लॉन्ड्रीतल्या बाईचा हात अजून त्याच्या हातात होता. मी त्याची बोटं सोडवायला गेले, तर ती माझ्या हातात आपोआप सुटली. तेव्हाच मला कळलं. कॅज्युअल्टीत आयुष्य काढल्यावर एवढं कळतं.

हाडं जुळली, पण खांद्याच्या नसा गेल्या. उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत राहिला. मला त्या लोकांचं तोंडही बघायचं नव्हतं. पाळकसाहेब आले आणि यामागे प्रभूची काही योजना असेल म्हणाले. माझं पित्त खवळलं. ती योजना तुमच्या खांद्यावर का नाही केली त्याने, असं मी विचारलं. मला माहीत नाही, ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून घणाचं दुकान उघडायला जाऊ लागले. टायर काढताना बोटं चेमटून घ्यायचे, पण जायचे. शिंपीणबाई आल्या तेव्हा मी दारच उघडलं नाही. त्या कडीला पिशवी अडकवून गेल्या. घणाचे सगळे शर्ट होते त्यात, बटणं काढून चिकटपट्ट्या लावलेले, एका हाताने घालता यावेत म्हणून. कधी नेले होते, कोणी दिले होते? घणानेच दिले होते, मी ड्यूटीवर असताना.

मी भडकले. "त्या म्हातारीने धरलं नसतं तर आज तुम्ही धडधाकट असता."

"धडधाकट असतो आणि तुरुंगात असतो. तो माणूस मेला असता. तुला ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"मीच म्हणालो होतो धरा," तो म्हणाला. "त्यांनी धरलं. इतकं कोणी कधी मला धरलं नव्हतं गं. योजना वगैरे मला कळत नाही, पण ती बाई जिवंत आहे. बुधवारी चल."

मी गेले ती तोंड फुगवून गेले. खोलीत सगळे कडं करून उभे होते, मध्ये दोन माणसांची जागा मोकळी सोडून. घण जागेवर जाऊन उभा राहिला. शिंपीणबाईंनी डावा हात पकडला. लॉन्ड्रीतली बाई पुढे झाली आणि तिने उजवा हात उचलायला हात लांबवला.

"तो माझा," मी म्हणाले.

ती बाजूला सरकली आणि मी मध्ये उभी राहिले. तो हात मी दोन्ही हातांनी उचलला. जड होता. हाच हात दारात दिसला की मी भिंतीला चिकटायचे. आज त्याची बोटं माझ्या बोटांवर मिटत नव्हती, म्हणून मीच ती एकेक करून मिटवली आणि वरून धरून ठेवली. प्रार्थना लांबली. मला एकदाही ती संपावीशी वाटली नाही.

आमेन झालं. सगळ्यांनी हात सोडले, बाकं सरकवायला घेतली. मी धरूनच उभी होते.