सतरावर थांबायचं नाही

मी बदामाचा एक्का. बोलतोय म्हणून दचकू नका. कित्येक महिने गप्प बसलो, आता राहवत नाही.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये डब्लिनच्या एका दुकानातून रणजितनं मला विकत घेतलं. एकदम सहा कॅट घेतले, कारण कसिनोत म्हणे सहा कॅट एकत्र पिसतात. म्हणजे माझ्यासारखे हुबेहूब सहा बदामी एक्के एकाच घरात! मला ते मुळीच आवडलं नाही. एक्क्याला काही मान असतो की नाही?

रणजित पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. त्याची बायको ईशानी नागपूरची, तिथल्या ब्युमॉन्ट हॉस्पिटलात डॉक्टर. लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाला एकदाच कसिनोत जाऊन ब्लॅकजॅक खेळायचं, आणि अडाण्यासारखं नाही, शिकून खेळायचं, असं दोघांचं ठरलं होतं. मार्चमध्ये कसिनोला कुलूप लागलं. किचनच्या टेबलावरची शिकवणी मात्र चालूच राहिली.

खेळ सोपा. एकवीसच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं, वर गेलात की मेलात. राजा, राणी, गुलाम, सगळे दहाचे. आणि मी? मी अकरा, पण अंगाशी आलं की एक.

"अगदी आपल्या विनयकाकांसारखा," ईशानी म्हणाली. "बाहेर अकरा, काकूंसमोर एक."

मला राग आला, पण खोटं काय त्यात? म्हणूनच एक्का आणि छक्का मिळून सतरा झाले तरी थांबायचं नसतं, अजून एक पान मागायचं. मी एक होऊन सांभाळून घेतो. रणजित दर वेळी घाबरून थांबायचा. ईशानी कधीच नाही. "एक्का असताना सतरावर थांबायचं नाही. प्रोटोकॉल म्हणजे प्रोटोकॉल!"

कसिनोत तोंडानं सांगून चालत नाही, हातानं खूण करावी लागते. पान हवं तर टेबलावर टकटक. नको असेल तर पानांवरून तळहात आडवा फिरवायचा.

"म्हणजे ताटावर हात आडवा धरून 'पुरे' म्हणतो तसं," ईशानी हसली. "पण आपल्या पंगतीत पुरे म्हटलं की दोन जिलब्या जास्त पडतात!"

जानेवारी २०२१ मध्ये ईशानीची कोविड टेस्ट पॉझिटिव्ह आली. ती वरच्या लहान खोलीत एकटी राहू लागली. व्हिडिओ कॉल तिला नको होता. बोललं की खोकला यायचा, म्हणून दोघं खुणांनी खेळायचे. रणजित दाराबाहेर बसून फटीतून पानं आत सरकवायचा. दारावर टकटक म्हणजे पान दे. तळहात घासला म्हणजे पुरे.

सातव्या दिवशी दुपारी मी आत सरकलो. माझ्यामागून चौकटचा छक्का आला. ईशानी दाराला खांदा टेकून जमिनीवर बसली होती. तिचे ओठ मला बरे दिसले नाहीत. बोटावरच्या यंत्रात आकडा होता अठ्ठ्याऐंशी.

"ऑक्सिजन किती?" बाहेरून रणजितनं विचारलं.

"चौऱ्याण्णव. ग्रँड आहे मी, एकदम ठीक."

खोटं! एखाद्या पेशंटनं असं केलं असतं तर हिनंच त्याला फैलावर घेतलं असतं. मला ओरडावंसं वाटलं. राजा-राणीला निदान तोंड तरी असतं, एक्क्याला तेही नाही.

"एक्का-छक्का. सतरा झाले. बोल."

टकटक करायला तिनं मूठ उचलली. ती दारापर्यंत पोचली आणि सैल पडली. तळहात दारावरून घासत खाली आला आणि माझ्यावर पडला.

बाहेर रणजितला फक्त घासल्याचा आवाज गेला. पुरे.

"बरं, मग मी माझं झाकलेलं पान उलटतो हं."

अरे, नको उलटूस! तिचे डोळे मिटले होते.

बाहेर पान उलटल्याचा आवाज आला नाही.

"ईशानी, तुझ्याकडे एक्का आहे. सतरावर थांबलीस?"

त्यानं दारावर थाप मारली.

"तू थांबलीस?"

दार आत उघडणारं आणि तिचा सगळा भार दारावर. त्यानं बेताबेतानं ढकलत अंग आत घेतलं. फोनवर स्वतःच्या घराचा पत्ता त्यानं दोनदा चुकवला. अँब्युलन्स येईपर्यंत तो तिला धरून एकच म्हणत होता, "अजून एक श्वास. अजून एक." त्या गडबडीत माझा कोपरा त्याच्या गुडघ्याखाली दुमडला. दुमडू दे म्हटलं.

बारा दिवसांनी ईशानी आपल्या पायांनी घरी आली.

पुढे कसिनो उघडला. दोघं नटूनथटून निघाले, आणि तिनं मला हळूच पर्समध्ये टाकलं.

"वेडी आहेस का? पर्समध्ये एक्का घेऊन कसिनोत? चीटर म्हणून धरतील आपल्याला!"

म्हणून मी घरीच राहिलो. आता किचनमधल्या प्रेसच्या, म्हणजे इथल्या बोलीत कपाटाच्या, दाराला, चहाच्या डब्याशेजारी चिकटलेला असतो. दुमडलेल्या पानाला आता कुणी खेळायला घेणार नाही, आणि त्याचं मला दुःख नाही.

जाता जाता एवढंच सांगतो. बंद दाराआडून आपलं माणूस 'पुरे' म्हणालं, तर पंगतीतल्यासारखं करा. लगेच खरं मानू नका.