वेदीच्या गादीवरचा कोट

मित्रांनो, माझी पणजी जहाजाचा नांगर होती, आजी पुलाची साखळी आणि आई बेकरीच्या भट्टीचे दार. आईला वितळवून ओताऱ्याने मला घडवले. मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे. घराणे आधी सांगितले, कारण पुढे मला माझ्या हातून झालेला एक अपराध सांगायचा आहे. नीट बसा आणि ऐका.

माझ्या धन्याचे चौकात चिंचोळे दुकान होते. दर शनिवारी चर्चच्या उपासनामंदिरातून वेदीवर अंथरायचे कापड यायचे. त्या दिवशी धनी कोपरापर्यंत हात धुवायचा, डोळे मिटून प्रार्थना करायचा, मला आधी ओल्या चिंधीवर फिरवून पाहायचा आणि मगच त्या कापडाला लावायचा. त्यासाठी एक वेगळी पांढरी गादी होती. इतर कपड्यांना तिचा स्पर्शही होत नसे. पाळकसाहेबांनी भर मंडळीत त्याच्या हाताची वाखाणणी केली. गल्ली त्याला ‘वेदीवाले’ म्हणू लागली. तो ‘छे, छे’ म्हणायचा आणि मिशीवरून हात फिरवायचा.

इतर दिवशी मात्र प्रार्थना नाही आणि चिंधीही नाही. गिऱ्हाईक काही भिंग लावून बसत नाही, असे त्याचे म्हणणे.

एका मंगळवारी रुग्णालयातल्या स्वयंपाकीण मावशींचा पांढरा कोट आला. कोळसे नुकतेच फुलले होते. धन्याने मला तशीच कोटाच्या पाठीवर टेकवली. क्षणात तळहाताएवढा तपकिरी डाग पडला आणि कापडाचा भुगा झाला. बोभाटा झाला तर वेदीचे कापड दुसऱ्याकडे जाईल, या भीतीने धनी खोटे बोलला. तुमच्याच धुण्याच्या सोड्याने कापड कुजले होते, असे त्याने मावशींना सांगितले. मावशींनी ते खरे मानले. उलट त्याचीच क्षमा मागितली.

त्यांनी ठिगळ लावून तोच कोट चार वर्षे वापरला. सोडा कायमचा सोडला. रुग्णालयातले तेलकट डाग नुसत्या साबणाने घासून घासून त्यांच्या बोटांची साले निघाली. दर आठवड्याला कोट आमच्याकडे यायचा आणि धनी मला ठिगळाच्या कडेकडेने फिरवायचा.

धन्याची आई दुकानात बसून कपडे निवडायची. मुलाचे कडेकडेने जाणे तिने कधीच हेरले होते. एका शनिवारी तिने वेदीचे कापड बाजूला ठेवले आणि पांढऱ्या गादीवर मावशींचा कोट पसरला.

धनी संतापला. “आई, ती प्रभूची जागा आहे.”

“आणि हा कोट कोणाचा?” म्हातारीने विचारले. “शनिवारी त्याच्यासाठी गादी घालतोस आणि मंगळवारी त्याला दाराबाहेर उभं करतोस. घरच्या मालकाला तू पाहुणा केलास रे.”

मग धन्याने हात धुतले, प्रार्थना केली, मला चिंधीवर फिरवले आणि त्या ठिगळावरून, अगदी मधोमध, सावकाश नेले.

मित्रांनो, त्यानंतर हमालाचा सदरा असो की भंगारवाल्याची विजार, चिंधीवर फिरल्याशिवाय मी कशालाच लागले नाही. आज माझी बिजागरी गंजली आहे, मी कागदांवर वजन म्हणून बसते. पण तुम्हाला एवढे बजावते: देवाला एक कोपरा देऊन मोकळे होऊ नका. तुमच्या हाताखालचे प्रत्येक काम त्याच्यासमोरच पसरलेले असते.

आणि हो, कोटाचे सांगायचे राहिले: त्या शनिवारनंतरच्या सोमवारी धन्याने तसेच जाड कापड आणून, तसाच सहा बटणांचा कोट शिवून घेतला. त्याला इस्त्री पांढऱ्या गादीवरच झाली. मावशी आल्या तेव्हा दुकानात तीन गिऱ्हाइके होती. धन्याने त्यांच्यादेखत सांगितले, “मावशी, तुमचा सोडा निर्दोष होता. कोट मी जाळला आणि वर खोटं बोललो.”

मावशींनी आपल्या बोटांकडे पाहिले. “चार वर्षं मी स्वतःला कोसत होते रे,” त्या म्हणाल्या.

“म्हणूनच नुसता कोट पुरणार नाही,” धनी म्हणाला. “चार वर्षं तुम्ही तो कोट घासलात. पुढची चार वर्षं तुमचे कपडे मी धुणार. माझ्या हातांनी.”

चार वर्षे सरूनही धनी धूतच राहिला; पाचव्या वर्षी मावशींनी धुतलेला कोट उजेडात धरला, घडी घालून छातीशी घेतला आणि म्हणाल्या, “बस कर आता. काही बाकी उरलं नाही.”