गेटपासून दारापर्यंत

"वीसपैकी वीस चाचण्या यशस्वी?" यामिनीने अहवाल मंदारच्या टेबलावर आपटला. "नऊ वेळा जोडणी तुटली, असं मी लिहून दिलं होतं. आणि खाली नाव माझंच ठेवलंस."

कोलकात्यात एस्प्लनेडच्या त्या ऑफिसात मराठी बोलणारे हे दोघेच. मंदार आता साहेब होता, पण काम शिकला होता यामिनीच्या हाताखाली, तपासणीच्या गाडीत मागच्या सीटवर बसून. नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून ती इथे आली आणि एकोणीस वर्षं एकच काम करत राहिली. चालत्या गाडीत मोबाइलचा संपर्क कुठे तुटतो ते टिपायचं.

या वेळची गाडी रुग्णवाहिका होती. रुग्णाचा ईसीजी वाटेतच बालीगंजच्या हॉस्पिटलात डॉक्टरांना दिसायला हवा होता. गाडी गेटातून आत आली की तिच्यातल्या यंत्राने मोबाइलचं नेटवर्क सोडून हॉस्पिटलचं वायफाय धरायचं. नवं पक्कं हाती आल्याशिवाय जुनं सोडायचं नाही, एवढाच नियम. हे यंत्र आधी सोडत होतं आणि मग शोधत बसत होतं. त्यात चाळीस-चाळीस सेकंद जात.

"मग दुरुस्त केलंत का?"

"त्याला दोन महिने लागतील, ताई. उद्घाटन सोमवारी आहे. सध्या मधल्या वेळात स्क्रीन शेवटचे ठोके परत परत दाखवते. डॉक्टरला खंड जाणवत नाही."



"म्हणजे माणूस गेला तरी तिथे जिवंत दिसणार."

"चाळीस सेकंदांसाठी एवढं ताणू नका."

"माझं नाव काढ."

"आता काढलं तर का काढलं ते विचारतील."

ती अहवाल उचलून आपल्या टेबलाशी आली. पूर्वी दोनदा, सिग्नल नसलेल्या वस्त्यांच्या नावांसमोर तिने 'समाधानकारक' लिहिलं होतं, वरून सांगितलं म्हणून. आज त्याचाही राग आला, आणि तो मंदारवरचा नव्हता. मुख्य कार्यालयाला तिने दोन मेल पाठवले. उत्तर आलं नाही.

सोमवारी प्रात्यक्षिकासाठी स्ट्रेचरवर कोणीतरी झोपायला हवं होतं. "मी झोपते," यामिनी म्हणाली. ताई निवळल्या, असं मंदारला वाटलं.

रुग्णवाहिकेतली नर्स शंपा तिच्या छातीवर ईसीजीच्या चकत्या चिकटवत होती. "गेटच्या आत शिरलो की वायरी काढ," यामिनी तिला हिंदीत म्हणाली.

"दिदी, डॉक्टरबाबू रागावतील."

"रागवू देत. त्यांनी रागवावं म्हणूनच आलेय."

गाडी गेटातून आत आली. यंत्रावरचा संपर्काचा दिवा विझला. शंपाने भराभर वायरी ओढल्या. यामिनी उठली, कुर्ता नीट केला, ओढणी घेतली आणि उतरून चालू लागली. गेटपासून इमर्जन्सीचं दार चाळीस पावलांवर होतं. तिने आदल्या दिवशीच मोजून ठेवलं होतं.

आत डॉक्टर घोषाल, हॉस्पिटलचे दोन अधिकारी आणि मंदार स्क्रीनसमोर उभे होते. हिरवी रेघ शांतपणे चालू होती.

"डॉक्टर," यामिनी इंग्रजीत म्हणाली, "ते हृदय माझं आहे."

घोषालांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. ठोके पडतच होते. थोड्या वेळाने वायफाय जोडलं गेलं, रेघ सपाट झाली आणि यंत्र किंचाळू लागलं.

"बंद करा ते," घोषाल मंदारला म्हणाले. "आणि हे सगळं माझ्या विभागातून आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

मंदारने तिला बाहेर व्हरांड्यात गाठलं. "माझं वाटोळं केलंत तुम्ही. उद्यापासून येऊ नका."

"तुला काम मी शिकवलं," यामिनी म्हणाली. "कसं शिकवलं कोण जाणे."

ती रुग्णवाहिकेत जाऊन बसली. शंपा ओल्या कापसाने एकेक चकती सोडवू लागली. खाली कातडी लाल झाली होती. दोन निघाल्या तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन वाजला. जवळच एका म्हाताऱ्या बाईला दम लागला होता.

"राहू दे, घरी काढीन," म्हणत यामिनी उतरली.

गेटात एक टॅक्सी आडवी उभी होती. यामिनी धावत पुढे गेली आणि बॉनेटवर थापा मारून तिने ती मागे घ्यायला लावली. सायरन तिच्या शेजारून गेला. गाडी वळणाआड दिसेनाशी झाली तरी टॅक्सीला थोपवणारा तिचा हात तसाच वर होता.