पत्रावरची बाटली

मित्रांनो, रज्जाकभाईंचं एक पत्र महिनाभर माझ्या बुडाखाली पडून होतं. उत्तर राहिलेलं ते पत्र उडू नये म्हणून सितारामनानांनी मला त्यावर ठेवलं होतं. मी एक जुनी, तपकिरी काचेची बाटली आहे. माझ्यात डोळ्यांसाठीच्या जीवनसत्त्वांच्या शंभर गोळ्या होत्या. त्यांचा गुण किती, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही.

कारखान्यातल्या भट्टीत मी जन्मले. १९९६ साली सूनबाई स्मिताने मला खांदेश्वरच्या घरी आणलं. नानांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तेव्हा महिना झाला होता.

"नाना, रोज एकच हं!" ती म्हणाली.

त्याच आठवड्यात पत्र आलं. नाना पूर्वी मोरा बंदराच्या धक्क्यावर तिकिटं देत आणि रज्जाकभाई तिथली लाँच चालवणारे तांडेल होते. स्मिताने पत्र वाचून दाखवलं. "सिताराम, तुझा डोला कसा हाय ते खरं लिही. माझापन मोतीबिंदू पिकलाय. होडीत पाय टाकताना भ्या वाटतं. माझी पोरगी आरिफा पाठी लागलीय, पन तू हो बोललास तरच मी ऑपरेशनला जाईन."

नानांना मात्र धूसरच दिसत होतं. ऑपरेशन फसलं, असं त्यांनी मनाशी धरलं. हो लिहावं तर मित्राचा डोळा जाईल, नाही लिहावं तर तो कायमचा घाबरेल. ते लिहीत आणि फाडत. तपासणीची तारीख आली, तर "डॉक्टरांना उगाच कशाला त्रास?" म्हणून टाळली. त्याऐवजी रोज तीन-तीन गोळ्या घेऊ लागले. मला वाटे, मीच यांना दृष्टी देणार. केवढा माझा गर्व!

महिन्यात मी रिकामी झाले.

"नाना, हे काय शेंगदाणे आहेत?" स्मिता ओरडली. नानांकडून सगळं वदवून घेतलं आणि त्यांना घेऊन तडक दवाखाना गाठला. मी तिच्या पर्समध्ये होते.

डॉक्टरांनी बराच वेळ डोळा पाहिला. मग डॉक्टरांनी टेबलावर ठेवलेला नानांचा चष्मा उचलला. "आजोबा, हा कधीचा?"

"सहा वर्षं झाली. काड्या चांगल्या आहेत अजून."

"अहो, डोळ्यात नवं भिंग बसवलंय आणि वर जुन्याच नंबरचा चष्मा? डोळा ठणठणीत आहे तुमचा! नंबर काढायलाच तर बोलावलं होतं."

"म्हटलं, गोळ्यांनी सुधारेल..."

"गोळ्यांनी चष्म्याचा नंबर बदलत नाही. आणि मनाने जास्त तर मुळीच घ्यायच्या नाहीत. पालेभाजी खा, गाजर खा, आणि बोलावलं की या."

त्यांनी नव्या नंबरच्या काचा नानांच्या डोळ्यांसमोर बसवल्या आणि स्मिताने मला पर्समधून काढून त्यांच्या हातात दिलं. माझ्यावरची बारीक अक्षरं नानांनी मोठ्याने वाचली, "रोज... एक... गोळी."

"आता वाचलंत!" स्मिता म्हणाली आणि तिला हसू आवरेना. नाना हसले, मग रुमाल शोधू लागले.

मित्रांनो, घरच्या थोरांना आमच्यासारखी बाटली जरूर आणून द्या, पण डॉक्टरांना विचारून. आणि तपासणीला त्यांचा हात धरून न्या. संकोचाने ते स्वतः सांगणार नाहीत.

आता माझ्यात मनीप्लँट आहे. खिडकीतून मला फाटकाजवळची लाल टपालपेटी दिसते. नवा चष्मा आला त्याच दिवशी नानांनी लिहिलं, "रज्जाक, चूक माझी होती, डोळ्याची नव्हे. ऑपरेशन करून घे. मी सोबत येतो." या वेळी फाडलं नाही. खाली जाऊन पत्र पेटीत टाकलं, आणि पडलं की नाही ते पाहायला पेटीच्या तोंडात दोनदा बोटं घातली. पडलं होतं.